विशेषनाम, कॅपिटल अक्षरं आणि आपली पोरं : तुमचे अनुभव लिहा

रानजाई :
दुसरीच्या वह्या तपासत होते, एका पोरीने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर पार फोरलाइनच्या बाहेर काढलेलं, वर रंगवलेलं, आणि मला माझी पाचवी आठवली. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून आलं ते २००० साली. गुरुजी पहिली लिपी, दुसरी लिपी करत चारही लिप्या (छापील मोठी, छापील लहान, मग वळणदार मोठी आणि वळणदार लहान अक्षरं) घोटून घ्यायचे, पण मोठं अक्षर कुठे घालायचं ते नुसतं पाठ. देवनागरीत लहानमोठं अक्षर नाहीच, त्यामुळे विशेषनाम आधी मराठीतच पक्कं व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. मी गावातलीच नावं घेते. बैल कुणाचाही असतो, तुझ्या बैलाला काय म्हणतात? सर्जा! मग सर्जाला मोठं अक्षर. त्यावर एकजण म्हणाला, बाई आमच्या कोंबड्यांना नावंच नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची बारशी करूनच आला :) तुम्ही कसं शिकवता किंवा शिकलात?

तिखटमीठ :
चौथी लिपी!! आईगं. तिसऱ्या लिपीतला जी आणि एस आठवतो का कुणाला, बोरू असता तर मोडला असता. कुकर झाला, नंतर लिहिते

पेठकर :
बारशी भारी. आता एका कोंबडीचं नाव ठेवलंय म्हणजे तिचं कालवण बंद

रानजाई :
@पेठकर हो ना, त्याची आई मला बोलली त्यावरून

सातासमुद्रा :
आम्ही जर्मनीत, इथे उलटंच आहे. प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं, टेबल, कुत्रा, पाऊस, सगळं. लेकीला शाळेत नाम ओळखायलाच असं शिकवतात की शब्दाच्या आधी डेअर डी दास लागतं का बघ, लागलं तर मोठं अक्षर. पण 'मी' ला जर्मनमध्ये इश् म्हणतात ते वाक्याच्या मध्ये आलं की लहान, आणि इंग्रजीतला आय कुठेही येवो मोठाच. शनिवारी मराठी शाळेत गेली की दोन्ही नियम गळून पडतात, तिथे ती सगळ्यात खूश असते

चिंगी_आई :
@सातासमुद्रा कुठल्या गावात? माझी नणंद म्युनिकला जातेय, तिकडे भाजणी मिळते का की इथूनच बांधून देऊ

सातासमुद्रा :
आम्ही लांब आहोत म्युनिकपासून, पण द्याच बांधून

चिंगी_आई :
बरं. विषयावर पण लिहिते. आमचा चिंगा शब्दाच्या मध्येच कॅपिटल बी घालायचा, रॅबिट, टेबल, सगळीकडे. मी ओरडायचे. मग लक्षात आलं त्याला छोटा बी आणि छोटा डी सारखेच दिसतात, मोठ्या बीत घोळ होत नाही म्हणून तो वापरतो. फार वाईट वाटलं हो

रानजाई :
अगं वाईट नको वाटून घेऊस, ह्या वयात खूप पोरांचं होतं. दोन्ही मुठी समोर धर, अंगठे वर, बोटांची पेरं एकमेकांना चिकटव. डावी मूठ बी, उजवी डी, मधे ई धरला की बेड. पलंगच दिसतो. माझ्या वर्गात पेपर लिहिताना पोरं गुपचूप बाकाखाली मुठी जोडतात

अभ्यासू_नगरी :
स्पर्धा परीक्षावाले इथे आहेत का? 'मी आत्ताच नगरहून आलो' ह्यात नगर हे सामान्यनाम असून विशेषनामासारखं वापरलंय, हे आम्ही क्लासला घोकलेलं. मी खरंच नगरचा. २०२४ पासून गावाचं अधिकृत नाव अहिल्यानगर, पण एसटीत बसलं की अजून 'एक नगर द्या' असंच तोंडात येतं

तिखटमीठ :
आले. पुतणीने विचारलं मंडे, जानेवारी मोठ्या अक्षराने आणि समर, विंटर लहान, असं का? वार महिने ही नावं धरतात आणि ऋतू नाही एवढंच सांगितलं, तिला पटलं नाही. तिला उन्हाळा सगळ्यात आवडतो, आंबे असतात

पेठकर :
बरोबर आहे तिचं

चिंगी_आई :
मुठीवालं आत्ता करून बघितलं, चिंगा आता घरभर बेड बेड करत फिरतोय. थँक्यू ताई