शब्दचर्चा: टक्सीडो, डिनर जॅकेट की 'स्मोकिंग'?

माडाखाली:
क्रूझवरच्या फॉर्मल नाइटसाठी मडगावात कोट शिवायला टाकायचा आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात एका पानावर 'ब्लॅक टाय', दुसऱ्यावर 'डिनर जॅकेट', तिसऱ्यावर 'टक्सीडो' छापलंय. या तीन वेगळ्या गोष्टी की एकच? पोर्तुगीज शिकलेली जुनी मंडळी याच कोटाला 'स्मोकिंग' म्हणतात. मराठीत धड शब्द आहे का? 'भोजनकोट' सुचवू नका, तो घालून कोणी जेवायला बसणार नाही. आणि लिहायचं कसं, टक्सिडो की टक्सीडो?

मोडीवाचक:
कोट एकच आहे. ब्रिटनमध्ये त्याला डिनर जॅकेट म्हणतात, अमेरिकेत टक्सीडो. हे दुसरं नाव न्यूयॉर्क राज्यातल्या टक्सीडो पार्क या श्रीमंतांच्या वसाहतीवरून पडलं. तिथला क्लब १८८६ सालचा. कोट मात्र नावापेक्षा जुना. लंडनची हेन्री पूल ही शिंपी पेढी सांगते की तिने १८६५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, घरगुती जेवणाला घालायचा असा बिनशेपटीचा आखूड कोट शिवला होता.

'ब्लॅक टाय' हे कपड्याचं नाव नव्हे, ती पोशाखाची पायरी आहे. पत्रिकेत ते दोन शब्द असले की कोट, पट्टीची पॅंट, पांढरा शर्ट, काळा बो असा सगळा संच आला. नुसती काळी टाय बांधून गेलं तर चालत नाही.

'स्मोकिंग' पोर्तुगीज, फ्रेंच, इटालियन, जर्मन अशा सगळ्या भाषांत आहे. शब्द दिसतो इंग्रजी, पण इंग्रज या अर्थानं तो वापरत नाहीत. त्यांचं स्मोकिंग जॅकेट म्हणजे घरात सिगार ओढताना घालायचा मखमली कोट. त्यामुळे ऑनलाइन दुकानात 'स्मोकिंग जॅकेट' शोधलंत तर मखमलच पुढ्यात येईल. पोर्तुगीजमधला 'कझाका' आणखी वेगळा. मागे लांब शेपटं असतात तो, आणि त्यावर बो पांढरा. तो 'व्हाइट टाय'. क्रूझवर त्याची गरज पडत नाही.

लेखनाचं म्हणाल तर मूळ उच्चारात आघात 'सी'वर आहे, म्हणून टक्सीडो. वृत्तपत्रांत ऱ्हस्वही दिसतो, त्यावरून भांडण नको. लिंग पुल्लिंगी, कोटाच्या चालीवर: तो टक्सीडो, दोन टक्सीडो, टक्सीडोचा. डिनर जॅकेट मात्र 'ते'.

काजबटण:
मोडीवाचकबाब, एक भर. अख्ख्या कोटाला मराठी शब्द नसला तरी त्याच्या अंगांना आहेत, आणि शिंप्याशी बोलताना तेच कामाला येतात. दुकानात जाऊन नुसतं 'टक्सीडो शिवा' म्हटलं की बहुतेक ठिकाणी काळा सूट शिवून कॉलरवर चकचकीत कापड चढवून देतात. लांबून बरा दिसतो. जवळून खिशांची झाकणं दिसतात, बेल्टच्या पट्ट्या दिसतात, दोन बटणं दिसतात. तेव्हा सांगायचं ते असं.

कॉलरच्या पुढच्या घडीला, म्हणजे लॅपलला, तीन आकार असतात: टोक वर गेलेला, शालीसारखा गोल उतरणारा, आणि खाचेचा. खाच ही ऑफिसच्या सुटाची खूण, ती टाळा. पोट असेल तर टोकाचा घ्या, नजर वर खांद्याकडे जाते. लॅपलवर रेशमी सॅटिन किंवा बारीक रेघांचं ग्रोग्रेन लावतात. ग्रोग्रेन कमी चमकतं आणि फोटोत पांढरं पडत नाही. स्वस्त पॉलिएस्टर सॅटिन फ्लॅशखाली ताडपत्रीसारखं दिसतं. लॅपलची रुंदी मध्यम बांध्याला ९ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. पाच-सहाची फॅशन येते-जाते, आणि असला कोट माणूस काही दर दोन वर्षांनी शिवत नाही.

बटण एकच, तेही कापडानं मढवलेलं. खिशाला नुसती चीर आणि बारीक किनार, वर झाकण नाही. मागे फाटा नसला तर उत्तम. हवाच असेल तर दोन बाजूंना दोन, मधोमध कधीही नको.

पॅंटच्या बाहेरच्या शिवणीवर लॅपलच्याच कापडाची एक पट्टी, दीड ते दोन सेंटिमीटर. एकच सांगा, दोन पट्ट्या कझाक्याबरोबर जातात. मोहरी दुमडायची नाही. बेल्टला जागा ठेवायची नाही. बाजूला आवळायच्या पट्ट्या नाहीतर आतून गॅलिसची बटणं. सगळ्यात घोटाळा आसनाचा होतो. हल्लीच्या जीन्ससारखं आसन आखूड ठेवलं की पॅंट ओटीपोटाखाली उतरते आणि कोटाच्या बटणाखाली शर्टाचा पांढरा त्रिकोण डोकावतो. कमरबंद, म्हणजे पोटावर बांधायचा रुंद चुणीदार पट्टा, बांधूनही तो झाकला जात नाही, कारण कमरबंद कमरेवर राहतो आणि पॅंट खाली घसरते. शिंप्याला स्पष्ट सांगा: कंबर बेंबीच्या पातळीला.

कापडाचा अंदाज: दीड मीटर पन्ह्याचं असेल तर कोट-पॅंटला साधारण सव्वातीन मीटर, उंच माणसाला थोडं जास्त. वजन बघून घ्या. मीटरला २२० ते २५० ग्रॅमचं लोकरी किंवा लोकर-मोहेर (मोहेर म्हणजे अंगोरा बकरीची लोकर) कापड आपल्या हवेला बरं. तीनशेच्या वरचं विलायतेच्या हिवाळ्यासाठी. 'टेरीवूल' म्हणून जे दाखवतात त्यात पॉलिएस्टर किती हे थानाच्या काठावर छापलेलं असतं, ते वाचा. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, आणि एकदा बसलेली चुणी नुसत्या टांगण्यानं सुटत नाही. आगबोटीवर हे महत्त्वाचं का, ते कोणी बोटीवरच्या जाणकारानं सांगावं.

माडाखाली:
आणि कोटाच्या आत? इथे सगळे 'बुक्रम' म्हणतात, कॅटलॉगमध्ये 'कॅनव्हास' लिहिलेलं असतं.

काजबटण:
बोलताना आपण दोन्हीला बुक्रम म्हणून मोकळे होतो, पण फरक आहे. चिकटवायचं असेल तर ते फ्यूजिंग: गरम दाबानं कापडाला डकवलेलं. टाक्यांनी धरलेलं असेल तर कॅनव्हास. फ्यूजिंग स्वस्त आणि पटकन होणारं, पण दमट हवेत आणि वारंवार ड्रायक्लीन केल्यावर त्याचा गोंद सुटतो आणि छातीवर बारीक फुगे येतात. ते परत बसत नाहीत. निदान छाती आणि लॅपल कॅनव्हासचं करून घ्या, खाली फ्यूजिंग चालेल. ओळखायचं कसं? छातीच्या भागात कोटाचं बाहेरचं कापड आणि अस्तराकडचं कापड वेगवेगळ्या चिमटीत धरून हलकं ओढा. मध्ये तिसरा सुटा थर सरकताना जाणवला तर कॅनव्हास.

मोडीवाचक:
कमरबंदाचं नाव निघालंय तर सांगतो. इंग्रजी कमरबंड हा आपल्याकडचाच शब्द, फारसी कमर आणि बंद. हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी उकाड्यात वेस्टकोटाऐवजी तो बांधायला सुरुवात केली आणि पुढे तो विलायतेला गेला. म्हणजे मराठीत 'कमरबंड' लिहिणं म्हणजे स्वतःचीच वस्तू परदेशी शिक्क्यानिशी परत घेणं. कमरबंद लिहा. 'कंबरपट्टा' नको, तो दागिना.

काजबटण:
आणि चुण्यांची तोंडं वरच्या बाजूला. उलटा बांधलेला कमरबंद हीच चूक सर्वांत जास्त दिसते. दुहेरी छातीच्या कोटाखाली कमरबंद लागत नाही, कारण तो कोट बंदच ठेवायचा असतो. वेस्टकोट घालणार असाल तर कमरबंद नको. दोन्ही एकत्र कधीच नाही.

दुहेरीकफ:
शर्टाबद्दल कोणी बोललंच नाही. तिथेही शब्दामुळे घोळ होतो. 'स्टड' म्हटलं की शिंपी कानातल्या खड्याचा विचार करतो. आपल्याकडे 'गुंडी' आहे ना! सदऱ्याला साखळीच्या सोन्याच्या गुंड्या लावायचे, तीच जात. गुंडी शर्टाला शिवलेली नसते, दोन्ही पट्ट्यांच्या काजांतून आरपार जाते. म्हणून शर्ट टाकतानाच सांगायचं: वरच्या चार जागी दोन्ही बाजूंना काज, बटण नाही, त्याखाली नेहमीची बटणं. हे सांगितलं नाही तर एका बाजूला बटणं शिवून येतात आणि गुंड्या डबीतच राहतात. मग ती उसवून काजं करायला गेलं की छातीवरच्या कापडाला भोकं दिसतात.

छातीवर बारीक चुण्या किंवा मार्सेला, म्हणजे उठावदार विणीचं सुती कापड, दोन्ही चालतात. कॉलर नेहमीची, खाली वळणारी. टोकं वर वळलेली कॉलर पांढऱ्या बोबरोबरची. कफ दुहेरी: घडी केल्यावर सात सेंटिमीटर, म्हणजे कापताना चौदा आणि शिवणीची माया वेगळी. कफलिंक अडकवायला प्रत्येक कफला चार काजं लागतात, कारण घडीचे दोन थर आणि दोन्ही टोकं. कोटाच्या बाहीतून कफ सव्वा सेंटिमीटर दिसावा. कोटाची बाही मापताना हाच शर्ट अंगात हवा, टी-शर्टावर माप दिलं की बाही हमखास लांब येते.

बो लॅपलच्याच कापडाचा. गाठ बुटाच्या नाडीचीच असते. बांधल्यावर टोकं डोळ्यांच्या बाहेरच्या कडांपलीकडे गेली तर बो मोठा झाला.

तारवटी:
काजबटणबाबांनी विचारलंय म्हणून बोटीचं सांगतो. बहुतेक क्रूझवर खोलीत इस्त्री वापरता येत नाही, आगीच्या भीतीनं ती सामानातून काढून ठेवतात. स्टीमरही तसाच. काही बोटींवर सार्वजनिक धुण्याची खोली असते आणि तिथे इस्त्री मिळते, पण फॉर्मल नाइटच्या दुपारी तिथे रांग लागते. म्हणून चुणी आपोआप सोडणारं कापड हवं. लोकरी कोट न्हाणीघरात टांगून गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं सोडला की चुण्या बऱ्याचशा उतरतात. पॉलिएस्टरच्या उतरत नाहीत. सॅटिनवर मात्र पाण्याचा थेंब पडू देऊ नका, डाग राहतो. आणि सॅटिनला थेट गरम इस्त्री तर नकोच. चमक चिरडून पट्टा पडतो. आतल्या बाजूनं, मध्ये सुती फडका घालून.

पोशाखाचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे. सात रात्रींच्या फेरीत दोन फॉर्मल रात्री हा सर्वसाधारण हिशेब. क्युनार्ड या क्रूझ कंपनीच्या 'गाला', म्हणजे फॉर्मल, संध्याकाळींना टक्सीडो किंवा डिनर जॅकेट चालतं, गडद सूट आणि टायही चालते, राष्ट्रीय पोशाखही. म्हणजे बंदगळा घालून जाता येतं, फक्त तो गडद आणि साधा असावा, लग्नातला जरीचा नव्हे. बऱ्याच कंपन्यांनी नियम बरेच सैल केलेत. आधी माहितीपत्रकातली ती ओळ वाचा, मग शिंप्याकडे जा.

माडाखाली:
उष्ण समुद्रात पांढरा कोट चालतो ना? काळ्यापेक्षा गार वाटेल.

तारवटी:
चालतो, किंबहुना त्यासाठीच तो आहे. पण पांढराशुभ्र नको, हस्तिदंती घ्या. शुभ्र जॅकेट बऱ्याच बोटींवर वाढपी घालतात. त्यात आपल्याकडची पोरंही असतात, आणि तुम्हालाच कोणी सूप आणायला सांगितलं तर दोष कोणाचा? हस्तिदंती कोटाच्या लॅपलवर सॅटिन नसतं, कोटाचंच कापड असतं. पॅंट काळी पट्टीचीच, बो काळाच.

याहून गंमतीचा प्रकार म्हणजे 'रेड सी रिग'. तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या बोटींवर उकाड्यामुळे कोट काढून नुसता शर्ट, बो, कमरबंद आणि पॅंट अशा वेशात जेवायला बसायची सवलत असे. कमरबंद किती उपयोगाचा, ते यातच कळतं.

मोडीवाचक:
रंगाचा एक शब्द राहिला, 'मिडनाइट ब्लू'. मध्यरात्रनिळा म्हणू नये, कानाला खडा लागतो. गडद शाईचा निळा म्हटलं की कापडवाल्याला कळतं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात काळं कापड किंचित हिरवट-तपकिरी दिसू शकतं, हा निळा उलट जास्त काळा दिसतो. ड्यूक ऑफ विंडसर, म्हणजे गादी सोडलेले आठवे एडवर्ड, यांनी तो लोकप्रिय केला.

काजबटण:
फक्त मग लॅपलचं सॅटिन काळं की निळं हे आधीच ठरवा, आणि थानाचा तुकडा घेऊन दिवसाच्या उजेडात नाही, दुकानातल्या दिव्याखाली जुळवा. पॅंटची पट्टी आणि बो त्याच रंगाचे.

शिवायला टाकायची वेळही सांगून ठेवतो. नाताळ आणि लग्नसराई जवळ आली की मडगाव, म्हापसा, पणजीतले चांगले हात नवरदेवांच्या सुटांत अडकतात. सहा आठवडे हाताशी ठेवा आणि कच्च्या टाक्यांवर निदान एक ट्रायल मागा. त्या ट्रायलला पाठ आरशात बघा: कॉलरखाली आडवा झोळ दिसला तर खांद्याचा उतार चुकलाय, मुंढ्यापासून तिरप्या चुण्या दिसल्या तर मुंढा खाली कापलाय. पहिली चूक तेव्हा सुधारते. दुसरी बहुधा नाही, कारण कापलेलं कापड परत येत नाही.

दुहेरीकफ:
पावसाळ्याचंही सांगा, नाहीतर सगळा खर्च ऑगस्टमध्ये बुरशी खाते. प्लास्टिकच्या कव्हरात कोट ठेवू नका, सुती पिशवीत ठेवा. घालून आल्यावर रात्रभर बाहेर टांगा, मगच कपाटात. घामाचा डाग असेल तर धुलाई आधी, साठवण नंतर. डांबरगोळ्या थेट कापडाला लागू देऊ नका, त्यांचा वास लोकरीत महिनोन्‌महिने राहतो. सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या, पण त्या वाळवून पुन्हा ठेवाव्या लागतात. आणि गणपती झाल्यावर कोट एकदा बाहेर काढून सावलीत वारं द्या.

माडाखाली:
तारवटीबाब, बूट पेटंट लेदरचेच, म्हणजे त्या चकचकीत चामड्याचेच, हवेत का?

तारवटी:
नाही. साधे काळे नाडीचे ऑक्सफर्ड बूट, पॉलिश घासून आरशासारखे केलेले, चालतात. तळवा मात्र रबरी किंवा खरबरीत असू दे. चामड्याच्या गुळगुळीत तळव्यानं ओल्या डेकवर घसरायला होतं. मोजे गुडघ्यापर्यंतचे, नाहीतर बसल्यावर नडगी दिसते.