आधीची सगळी नावं अर्जात लिहाच

जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मग अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या अर्जात (एन-४००) कोणतं लिहू, असं तुम्ही विचारलंय. माझंही अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहिते.

सध्याचं कायदेशीर नाव मुख्य रकान्यात. जन्मापासून वापरलेल्या इतर नावांसाठी वेगळी जागा आहे, तिथे एकही नाव गाळू नका. मधलं नावसुद्धा! आपल्याकडे लग्नानंतर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, हे तिथल्या अधिकाऱ्याला माहीत असेलच असं नाही. माझ्या पासपोर्टवर पहिलं आणि मधलं नाव एकाच रकान्यात होतं, त्यामुळे ग्रीन कार्डवर ती जोडी मिळून एकच लांबलचक पहिलं नाव झालं. मुलाखतीत लग्नाच्या नोंदणीचा दाखला पुढे ठेवला, दोन वाक्यांत समजावून सांगितलं आणि अधिकाऱ्याने मान डोलावली. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावंच लागतं.

नाव बदलून हवं असेल तर ते याच अर्जात मागता येतं. मात्र मग शपथविधी न्यायालयाचा असावा लागतो, त्यामुळे तारीख लांबू शकते.

आणि ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं त्या कार्डाचा) विचार आत्ताच करा, हे मी कळकळीने सांगते. नागरिकत्व मिळाल्यावर भारतीय पासपोर्ट सरेंडर करावा लागतो. नवं नाव त्याच्याशी जुळलं नाही तर नावबदलाचा पुरावा द्यावा लागतो. तेव्हा नावबदलाचा कागद नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राबरोबरच ठेवा.