गच्चीवरचा माहितीपट आणि बळ्ळारी नाला

सेक्रेटरी: काल गच्चीवर 'ब्लू प्लॅनेट २' ही समुद्रावरची माहितीपट मालिका बघायला आलेल्या सगळ्यांचे आभार. पुढच्या महिन्यात काय लावूया, सुचवा.

देसाई वहिनी: आमची पोरं अजून त्या अल्बट्रॉस नावाच्या समुद्रपक्ष्याच्या पिल्लाबद्दलच बोलुलालीत. आई एवढा समुद्र पालथा घालते आणि पिल्लाच्या चोचीत प्लॅस्टिक भरवते. मला जेवण गेलं नाही.

पाटील काका: चांगलंच होतं. पण समुद्र इथून लांब. बेळगावात टिळकवाडीत बसून आपण काय करणार?

देसाई वहिनी: लांब कुठं काका? पावसात बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पाणी शिरतं. भाताबरोबर आपल्या पिशव्यापण तिथंच. माझं माहेर वडगावचं. बांधावरनं प्लॅस्टिक वेचूनच भांगलण सुरू होते. आपण ज्या बासमतीचं कौतुक करतो ती त्याच शिवारातली.

जोशी सर: वहिनींचं खरं आहे. आणखी एक सांगतो, जरा लांबेल. ती मालिका 2017 ची. ब्रिटनमध्ये तिच्यानंतर प्लॅस्टिकवर खूप चर्चा झाली. मग तिथल्या संशोधकांनी तपासलं, त्यांचा अभ्यास 2020 ला आला. भाग बघितलेल्यांना माहिती जास्त होती, पण प्लॅस्टिकमधला खाऊ घ्यायचा की कागदातला, असं विचारल्यावर त्यांची निवड काही बदलली नाही. म्हणजे नुसतं बघून हळहळ वाटते, हात हलत नाहीत. उलट पानी फाउंडेशनचं बघा. 2016 ला कोरेगाव, वरूड, आंबाजोगाई तालुक्यांत त्यांनी गावकऱ्यांना आधी प्रशिक्षण दिलं, मग ठरावीक दिवसांत पाणी अडवायच्या कामांसाठी श्रमदानाची स्पर्धा लावली. काय करायचं, कुठं आणि कधीपर्यंत, हे गावाला माहीत होतं. माहितीपट मन तयार करतो. त्याच रात्री हातात काम दिलं नाही तर ते मन आठवड्यात थंड होतं.

पाटील काका: मग काम सांगा की सर.

जोशी सर: ओला-सुका कचरा वेगळा. नियम 2016 पासून आहे. आपल्या बादलीत सगळं एकत्र जातं आणि पौरकार्मिक, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामगार बायका ते हातानं निवडतात, सॅनिटरी पॅडसकट. मला याची फार लाज वाटते. पॅड, डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत.

गौरी, सी विंग: सर, ओल्यासाठी बी विंगच्या मागं खड्डा काढूया. पहिले काही दिवस मी रोज बघीन. वासाचं म्हणाल तर सुका पाला आणि माती घालत राहिलं की येत नाही.

पाटील काका: गणपतीच्या महाप्रसादाला थर्माकोलची ताटं नकोत. ती 2022 पासून देशभर बंदच आहेत, तरी गेल्या वर्षी आली. मंडळाची स्टीलची ताटं आहेत. घासायला माणसं मी उभी करतो.

सेक्रेटरी: ठरलं. पुढच्या वेळी 'वाइल्ड कर्नाटक' लावू. कन्नडमध्ये ऋषभ शेट्टींचा आवाज आहे, ए विंगच्या कन्नड मंडळींनाही बोलवा. गौरी, त्याआधी पाच मिनिटं आपल्या नाल्याचं शूटिंग दाखवशील?

गौरी, सी विंग: हो काका. पोरांना घेऊन रविवारी जाते. वहिनी, वडगावच्या बांधापर्यंत वाट दाखवायला याल?

देसाई वहिनी: येते की. सात वाजता गेटवर.