मदत हवी आहे: राजीनाम्यासाठी कंपनीचा दबाव, पुण्यात दाद कुठे मागायची?

नमस्कार मंडळी,

माझा नवरा हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत आठ वर्षं टेस्टिंगचं काम करतोय. सोमवारी एचआरने त्याला मीटिंग रूममध्ये बोलावलं, मोबाईल बाहेर ठेवायला लावला आणि लॅपटॉप समोर सरकवला. राजीनाम्याचा मजकूर आधीच टाइप केलेला! "आज सबमिट केलंस तर दोन महिन्यांचा पगार आणि ग्रॅच्युइटी. नाहीतर टर्मिनेट करू, मग पुढच्या नोकरीचं तुझं तू बघ." त्याने सबमिट केलेलं नाही, शुक्रवारपर्यंत मुदत मागितली आहे. परवापासून जेवणावर लक्ष नाही त्याचं.

मी जमेल तेवढं वाचलंय. ग्रॅच्युइटी म्हणजे काही कंपनीची मेहेरबानी नाही, पाच वर्षं पूर्ण झाल्यावर राजीनामा दिला तरी ती द्यावीच लागते. स्वतःहून राजीनामा दिला असं कागदावर आलं, की नोकरकपातीची भरपाई मागणं फार अवघड होतं. उलट कंपनीने नोकरकपात म्हणून काढलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

पण हे संरक्षण 'कामगार' ठरणाऱ्यालाच. त्याचं पद 'सीनियर लीड', पण हाताखाली कुणी नाही, कुणाची रजा मंजूर करत नाही, दिवसभर टेस्ट केसेस लिहितो. पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघतात आणि महिना १८,००० रुपये पगाराची मर्यादा फक्त सुपरवायझरी (इतरांवर देखरेखीच्या) कामाला आहे, असं मला समजलंय. आयटीवाल्यांच्या बाबतीत हे टिकतं का? कुणाचा अनुभव आहे?

"मला राजीनामा द्यायचा नाही, सोमवारी माझ्यावर दबाव आणला गेला" अशी मेल आजच एचआरला टाकावी का? वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयात नोकरी जाण्याआधीच तक्रार घेतात का, की काढल्यावरच जायचं? त्याच्या टीममधल्या एका मुलीने घाबरून राजीनामा सबमिट केला, पण तो अजून मंजूर झालेला नाही. तिने लगेच लेखी मागे घ्यावा असं मी तिला सांगितलंय, बरोबर ना?

कामगार कायद्याचं काम करणारे पुण्यातले चांगले वकील माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शुक्रवारच्या आत त्यांना भेटायचं आहे. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं काढून ठेवली आहेत. आणखी काय सोबत न्यावं?