मदत हवी आहे: एकच साइट, एक सर्व्हर विंडोज, एक उबुंटू. फाइलचे पाथ जुळत नाहीत

पेठेतला_पोऱ्या

नमस्कार मंडळी,

पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाची साइट मी बघतो. पीएचपी भाषा, मायएसक्यूएल डेटाबेस आणि हाताने लिहिलेला जुना कोड, फ्रेमवर्क वगैरे काही नाही. इतकी वर्षं सगळं विंडोज सर्व्हरवर आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरखाली चालायचं. आता त्याच खोलीत उबुंटूची दुसरी पेटी आलीय, तिच्यावर अपाची हा वेब सर्व्हर. विंडोजला रजा देता येत नाही, कारण सभासद-वर्गणीचं सॉफ्टवेअर फक्त त्यावरच चालतं. म्हणून दोन्ही चालू, पुढे विनंत्या दोघांत वाटणारा लोड बॅलन्सर, डेटाबेस एकच, आणि अपलोडचं फोल्डर रात्री सिंक होतं.

त्रास असा. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ एकदा दिसतं, रिफ्रेश केलं की गायब, पुन्हा केलं की हजर. कुठल्या पेटीकडे विनंती गेली त्यावर सगळं ठरतं, एवढं लॉगवरून कळलं. पुढचं मात्र गोंधळाचं आहे:

डेटाबेसमध्ये पाथच्या (फाइलच्या पत्त्याच्या) कॉलमात जुन्या नोंदी "डी:\साइट\अपलोड्स\२०१९\मुखपृष्ठ.जेपीजी" अशा आहेत. नव्या नोंदींत ड्राइव्ह नाही, पण बॅकस्लॅश आहेतच. उबुंटूवर अपलोड झालेली चित्रं २०२४ च्या फोल्डरात नाहीतच. साइटच्या मुळाशी एलएस (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) मारलं तर एकेरी अवतरणात 'अपलोड्स\२०२४\मुखपृष्ठ.जेपीजी' अशी एक सलग फाइल दिसते. फोल्डर नाही, फाइल!

काही चित्रांचं एक्स्टेंशन कॅपिटलमध्ये आहे, ती विंडोजवर उघडतात, उबुंटूवर ४०४, म्हणजे फाइल सापडत नाही.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे "संतसाहित्य-सूची" ही पीडीएफ दोन्हीकडे उघडते, पण "वऱ्हाड-विशेषांक", "कर्मचाऱ्यांची-यादी" आणि "सह्याद्रीच्या-दऱ्या" कुठेच उघडत नाहीत. नाव डिस्कवर आहे, डेटाबेसमध्येही तेच आहे. डोळे फाडून बघितलं, अक्षर न् अक्षर सारखं.

गोगलगाय

डेटाबेसमध्ये ड्राइव्हचं अक्षर! ज्याने लिहिलं त्याला साष्टांग नमस्कार. आधी ते काढा, मग बाकीचं बोलू.

उबुंटू_काका

गोगलगायचा सूर सोडा, मुद्दा बरोबर आहे.

ती "सलग फाइल" म्हणजे लिनक्सने तुमचं शब्दशः ऐकलंय. लिनक्समध्ये बॅकस्लॅश हे फाइलच्या नावातलं एक साधं अक्षर आहे, जसं क किंवा ख. फोल्डर तोडणारं चिन्ह फक्त फॉरवर्ड स्लॅश. पीएचपीचं बेसनेम (पाथमधून नुसतं फाइलचं नाव काढणारं) फंक्शनसुद्धा विंडोजवर दोन्ही स्लॅश मानतं, लिनक्सवर फक्त फॉरवर्ड. त्यामुळे तिकडे नुसतं फाइलचं नाव मिळायचं, इकडे अख्खी शेपूट मिळते. त्यात ब्राउझर पत्त्यातला बॅकस्लॅश परस्पर फॉरवर्ड करून पाठवतो, म्हणजे अपाची जी फाइल शोधतो ती नसतेच आणि जी असते ती कोणी मागत नाही.

विंडोजवर पीएचपीला फॉरवर्ड स्लॅश बिनबोभाट चालतो. कोडमध्ये सगळीकडे तोच वापरा, डिरेक्टरी सेपरेटरचा कॉन्स्टंट जोडत बसू नका. डेटाबेसमध्ये फक्त "२०१९/मुखपृष्ठ.जेपीजी" एवढंच ठेवा, मूळ फोल्डर ज्या त्या पेटीच्या कॉन्फिग फाइलमध्ये. अपडेट क्वेरी लिहिताना जपून: मायएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश हे एस्केपचं, म्हणजे पुढच्या अक्षराचा अर्थ बदलणारं, चिन्ह आहे, रिप्लेसमध्ये दोन लिहावे लागतात आणि लाइकमध्ये चार. आधी सिलेक्ट मारून ओळी मोजा, बॅकअप घ्या, मग हात लावा.

कॅपिटल-स्मॉलचं म्हणाल तर विंडोजची फाइल सिस्टम एनटीएफएस नाव जसं दिलं तसं ठेवतो पण शोधताना फरक करत नाही, उबुंटूची ईएक्सटी४ काटेकोर. अपाचीत स्पेलिंग सुधारून घेणारं मॉड्युल आहे (त्याच्या स्वतःच्या नावात एक एल कमी आहे, तो विनोद जुना). पण ते फक्त बाहेरून आलेल्या विनंतीला उपयोगी, तुमचा कोड "फाइल आहे का" असं विचारतो तिथे नाही. त्यापेक्षा सगळी एक्स्टेंशनं एकदाच स्मॉल करून टाका.

पेठेतला_पोऱ्या

काका, मनापासून आभार. क्वेरी चाचणीच्या डेटाबेसवर चालली. सिंक बंद करून फोल्डर उबुंटूवरच ठेवावं आणि साम्बाने (लिनक्सचं फोल्डर विंडोजला वापरू देणारं सॉफ्टवेअर) विंडोजला द्यावं म्हणतोय. तिथे झेड ड्राइव्ह म्हणून जोडलं, एक्सप्लोररमध्ये छान दिसतं, पण साइटला सापडत नाही. आणि त्या तीन पीडीएफ अजून रुसलेल्याच.

उबुंटू_काका

जोडलेला ड्राइव्ह ज्या खात्याने लॉगिन केलं त्याच्यापुरता असतो. आयआयएस वेगळ्या खात्याने चालतो, त्याच्या लेखी झेड नावाचं काही नाहीच. दोन स्लॅशने सुरू होणारा नेटवर्क पाथ थेट कॉन्फिगमध्ये द्या आणि त्या खात्याला शेअरवर परवानगी द्या.

जुनी_लेखणी

मी प्रूफरीडर, सर्व्हरमधलं फार नाही, पण तुमच्या तिन्ही रुसलेल्या नावांत ऱ्य किंवा ऱ्ह आहे. उघडणाऱ्या नावात नाही. युनिकोडमध्ये हा ऱ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक अखंड, दुसरा र आणि त्याखाली नुक्ता. शिवाय काही जण र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असं टाइप करतात, तेही छापून आलं की हुबेहूब तसंच. आमच्याकडे शोधा-बदलात हे रोज छळतं. या फाइली कोणाकडून आल्या?

पेठेतला_पोऱ्या

ताई/दादा, जे असाल ते, तुम्हाला एक मिसळ लागू! एक्सएक्सडी या बाइट दाखवणाऱ्या टूलमध्ये टाकून बघितलं. डिस्कवर र आणि नुक्ता मिळून सहा बाइट, डेटाबेसमध्ये अखंड ऱ चे तीन. स्कॅन करणारे एक आजोबा जुन्या मॅकवर काम करतात आणि झिप करून पाठवतात. डेटाबेसमधली नावं मात्र ऑफिसात टाइप होतात.

उबुंटू_काका

झालं तर मग. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टम नावं फोडूनच साठवते, आणि झिपमध्ये ती तशीच येतात. ईएक्सटी४ बाइट मोजतो, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. कॉन्व्हएमव्ही नावाचं टूल घ्या, त्याला फोडलेली अक्षरं अखंड करणारा एनएफसीचा पर्याय आहे. आधी ते नुसतं काय करणार ते दाखवतं, नोटेस्ट दिल्याशिवाय नाव बदलत नाही. पुढच्या अपलोडला पीएचपीच्या नॉर्मलायझरमधून नाव काढा. जोडचिन्हवाला प्रकार यात सुधरत नाही, तो वेगळा शोधून बदलावा लागेल.

आणखी एक. ईएक्सटी४ वर फाइलचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइट. देवनागरीचा प्रत्येक वर्ण, काना-मात्रा धरून, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातो. "पुणे" लिहिलं की १२ गेले. म्हणजे ८५ च्या आत आटपायचं, आणि वाचनालयाच्या सभांचे अहवाल काय नावाने ठेवतात ते मला माहीत आहे.

पेठेतला_पोऱ्या

"वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व लेखापरीक्षित ताळेबंद" एवढं तर सुरुवातीलाच असतं, पुढे तारीख, वार आणि स्थळ. तपासलं, अशा बऱ्याच आहेत, त्या सिंकमध्ये दर वेळी गाळल्या जात होत्या.

गोगलगाय

डिस्कवर नोंदीचा क्रमांक हेच नाव ठेवा, मराठी नाव वेगळ्या कॉलमात. डाउनलोड करताना हेडरमधून ते द्या. ऱ असो, ताळेबंद असो, कोणीच आडवं येणार नाही.

पेठेतला_पोऱ्या

हे पटलं. कॉन्व्हएमव्ही आज रात्री, क्रमांकाचं काम पुढच्या आठवड्यात. नोटेस्टशिवाय काय दिसतं ते इथे टाकतो, काका एकदा नजर घाला.