नरसिंहराव अन् रामटेक, भाषणासाठी मदत पाह्यजे

नमस्कार मंडळी, माह्या पोट्टीनं शाळेच्या भाषणाले पी. व्ही. नरसिंहराव घेतले, का तर ते आपल्या रामटेकचे खासदार होते. जन्म १९२१, वरंगलकडचं गाव, वकिली नागपूरले शिकले, आंध्रचे मुख्यमंत्री, १९९१ ले पंतप्रधान, २०२४ ले भारतरत्न, हे मोबाईलवर भेटलं. गाडी अडली रामटेकवर. १९८४ ले हनमकोंड्यात पडले अन् त्याच निवडणुकीत रामटेकातून आले, १९८९ लेही आले, पण पंतप्रधान झाले तेव्हा खासदारच नव्हते, मंग पोटनिवडणूक लढले ते नंद्यालहून! पोट्टी विचारते रामटेक काहून नाही, आता काय सांगू बापा.

आमचे बाबा म्हणतात साहेब सभेत फर्डं मराठी बोलत (हरिभाऊ आपट्यांची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली, म्हणजे येतच असंन). बाबांच्या पेटीत तवाचं एक पत्रक हाये पण वाळवीनं खाल्लं, नुसता पंजा अन् ‘रामटे’ एवढंच उरलं.

कोणाजवळ त्या प्रचाराचे फोटो, पेपरची कात्रणं असंन, नाहीतर घरच्या म्हाताऱ्यांना सभा आठवत असंन तर सांगा ना भाऊ, सोमवारी भाषण हाये.