डुकराची पहिली शिकार: तुमचे अनुभव लिहा

परवा पहाटे फिरायला गेलो तर ओढ्याकाठची जमीन नांगर फिरवल्यासारखी उकरलेली. त्या ओल्या मातीच्या वासाने २०२१ ची रात्र जशीच्या तशी उभी राहिली.

टेक्सासात, ऑस्टिनपासून तासाभरावर सहकाऱ्याच्या वडिलांचं शेत. दोन रात्रींत मका आडवा झालेला. इथली डुकरं म्हणजे स्पॅनिश लोकांनी आणलेली, सुटून रानटी झालेली. पुढे १९३० च्या दशकात शिकारीसाठी सोडलेली युरोपातली रानडुकरं त्यांच्यात मिसळली. २०१९ पासून मालकाची परवानगी असली की परवान्याशिवाय मारता येतात. पण आपण कामाच्या व्हिसावर असलो तर बंदूक हातात घ्यायलाच शिकारीचा परवाना हवा. तो आधी काढला.

मचाणावर बसण्याआधी सहकाऱ्याच्या वडिलांनी चिमूटभर पावडर हवेत सोडून वारा पाहिला. डुकराची नजर अधू, नाक मात्र फार तिखट. आठच्या सुमारास आधी आवाज आला, मक्याचे दाणे दाढेखाली कडाकडा फुटण्याचा. बॅटरीच्या हिरव्या उजेडात डुकरीण, मागे सहा-सात पिल्लं. माझ्याच्याने चाप ओढवेना. मग नर आला. बार काढला, तरी साठेक पावलं गेला तो. खांद्यावरची कातडी हाताला लागली, बोटभर जाड, टायरसारखी. रात्रभर झोप नाही. गुहागरकडे भातावर राखण करणारे आजोबा सारखे आठवत होते. तुमचं सांगा.

भातखाचर: राखणीचा माळा! आमच्याकडे भात पोटरीत आलं की अजून बांधतात. मी तेव्हा नववीत, पत्र्याचा डबा बडवायचं काम माझं. ठासणीची बंदूक आप्पांची, शेतरक्षणाच्या परवान्यावरची. एका रात्री एकल्या डुकराने मुसंडी मारली ती थेट माळ्याच्या मेढीवर. सगळा माळा हलला. आप्पा एवढंच म्हणाले, "बाळा, हलू नको, श्वास सोड." बार काढलाच नाही त्यांनी. सकाळी मेढीवर सुळ्याची चीर, वीतभर. अजून आहे ती मेढ, गोठ्याला लावलीय.

कापूसपऱ्हाटी: शिकार नाही केली कधी, जागली मात्र आयुष्यभर. हरभरा पेरला त्याच रात्री तासंच्या तासं उकरून दाणा न् दाणा खाल्ला. वरून रोही, म्हणजे नीलगायी. कुंपणाला विजेचं झटका मशीन लावलं तं बांधाखालून शिरतात. परवानगी काढून मारता येते म्हणतात, पण बंदूक कोणाजवळ हाय? सकाळी वावरात उभं राहून माय रडली होती, ते नाही विसरत.

भातखाचर: @कापूसपऱ्हाटी दादा, वाचून गलबललं. पंचनाम्याचा अर्ज तीन दिवसांच्या आत द्या, फोटो जोडून. आमचा एकदा उशिरामुळे गेला.

कापूसपऱ्हाटी: हो भाऊ, ह्या खेपेला देतो.

सायली_ह्युस्टन: पिल्लांचं वाचून पोटात कालवलं. मी नवऱ्याबरोबर गेले होते, गाडीतच बसून राहिले.

धागाकर्ता: @सायली_ह्युस्टन मलाही तसंच झालं. पण मादी सहा-आठ महिन्यांतच माजावर येते, एका वेताला चार-सहा पिल्लं. त्या शेतकऱ्याला तिसऱ्यांदा मका पेरायचा होता. दोन्ही गोष्टी मनात राहतात.

पाटावरवंटा: मटणाचं काय केलंत?? 😀

धागाकर्ता: मोठ्या नराला उग्र वास येतो, ते मीही खाल्लं नाही. पुढच्या खेपेला लहान मादी मिळाली तिचं केलं. सोलताना हातमोजे घालाच, ब्रुसेलोसिस होतो, जनावरांकडून लागणारा ताप. ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजलंच पाहिजे, मी थर्मामीटर खुपसून बघतो.

पाटावरवंटा: आमचे शेजारी कोडगूचे (कूर्ग), त्यांच्याकडची पंदी करी, म्हणजे डुकराचा रस्सा, खाल्ली होती. काचमपुळीचा (त्यांच्याकडचा काळा आंबट अर्क) आंबटपणा, काळी मिरी, रंग काळाकुट्ट. जीभ विसरत नाही.

सायली_ह्युस्टन: काचमपुळी इथे मिळत नाही. कोकमाचं आगळ चालेल का?

पाटावरवंटा: चालेल, पण शेवटी घाल. मुलीला शाळेतून आणून वाटणाचं प्रमाण लिहिते.

भातखाचर: आगळ हवं असेल तर सांगा ताई, मेमध्ये भाऊ येतोय डॅलसला. घरचं आहे, मिठातलं.

सायली_ह्युस्टन: दोन बाटल्या!! 🙏